गायरान गटाचा रौप्यमहोत्सव: पाच महिन्यांच्या कामाच्या नोंदी

ज्या गावांत गायरान किंवा टेकडी राखणारा गट आहे आणि ज्यांची दहा, वीस किंवा पंचवीस वर्षे भरत आली आहेत, त्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. आमचे गाव पारनेर तालुक्यात, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. गावाच्या वर ६२ हेक्टर गायरान असून, राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार पाहून आलेल्या गावकऱ्यांनी ५ जून २००० रोजी त्यावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचा ठराव करून गट सुरू केला. गवत कापून न्यायचे, तेही एका घराने एकच विळा घेऊन, हा त्या वेळचा नियम आजही चालू आहे. गटाचा सचिव म्हणून या नोंदी मी लिहिल्या आहेत.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

रौप्यमहोत्सवाची पहिली बैठक मारुतीच्या पारावर झाली. मंडप, ध्वनिक्षेपक, दोन हजार लोकांचे जेवण, स्मरणिका आणि सन्मानचिन्हे असा अंदाज मांडला गेला. सुरुवातीपासून गटात असलेल्या एका मावशींनी शेवटी विचारले, "पाहुणे जेवून माळावर चढले, तर त्यांना दाखवणार काय?" याचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळही नव्हते, कारण गेल्या सात-आठ वर्षांत, पाणी अडवण्यासाठी माळावर खोदलेल्या चरांची पाहणीच झालेली नव्हती. गवत दरवर्षी येत होते, विहिरींना पाणी होते, त्यामुळे वरचे काम जागच्या जागी असेल असे आम्ही धरून चाललो होतो. म्हणून आधी माळ पाहायचा आणि खर्चाचे नंतर ठरवायचे, असे ठरले. मंडपासाठी मात्र १५,००० रुपये आगाऊ देऊन टाकले. ही घाई पुढे नडली.

१६ फेब्रुवारी

अकरा जण दोन तुकड्यांनी माळावर गेलो. जुन्या नोंदवहीप्रमाणे २००० ते २००३ या काळात ९,४०० मीटर सलग समतल चर खोदले गेले होते, दोन फूट रुंद आणि एक फूट खोल. असा एक मीटर चर एका भरण्यात सुमारे १८० लिटर पाणी अडवतो, म्हणजे शंभर मीटरला अठरा हजार लिटर. हा हिशेब नव्या मुलांना तिथे उभे करून सांगितल्यावर त्यांची चालण्याची गती बदलली.

मोजणी पूर्ण फसली. एका तुकडीने पावलांनी मोजले, दुसरीने तीस मीटरच्या टेपने, आणि मधल्या उतारावरच्या सहा ओळी दोन्हींच्या वह्यांत आल्या. संध्याकाळी बेरीज ११,२०० मीटर झाली, म्हणजे जेवढे चर खोदलेच नव्हते तेवढेही सापडले. रविवार वाया गेला. पुढच्या खेपेला प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांच्या दगडांवर चुन्याने क्रमांक घातले आणि एकाच टेपने माथ्याकडून पायथ्याकडे मोजत आलो. त्यातून ५,१०० मीटर चर गाळाने पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण भरलेले निघाले.

२ मार्च

सगळे भरलेले चर उपसायचे असा तरुणांचा आग्रह होता. संस्थापकांपैकी एका नानांनी एका भरलेल्या चरात पहार खुपसली. ती हातभर आत गेली आणि खालून ओलसर काळपट माती वर आली. ज्या माळावर पंचवीस वर्षांपूर्वी पहार टणकन उडत होती, तिथे ही माती साचली होती आणि तिच्यावर पवन्या व मारवेल गवताची दाट पट्टी उभी होती. "याचं काम झालं. याला हात लावायचा नाही," नाना म्हणाले. मला ते पटले. भरलेला चर म्हणजे बिघडलेला चर, ही समजूत मी स्वतः इतकी वर्षे बाळगून होतो.

त्यानंतर प्रत्येक ओळ उभ्याने पाहिली. गवत व झुडपे धरून स्थिर झालेल्या ओळी सोडून दिल्या. ज्यांच्या खालच्या बाजूला नवीन ओघळ पडू लागले होते, म्हणजे पाणी चरावरून उडी मारून जात होते, तेवढ्याच फक्कीने आखल्या. उपसण्याचे काम ५,१०० वरून १,९०० मीटरवर आले. याच दिवशी पंचवीस वर्षांची म्हणून अडीच हजार रोपे लावण्याचा ठरावही मागे घेतला. माथ्यावर मातीचा थर वीतभरही नाही, पूर्वी लावलेल्या रोपांपैकी तिथे फार थोडी जगली, आणि ती जागा मुळात गवताची आहे. खैर, बोर आणि हिवर यांची झाडे राखणीमुळे आपोआप आली आहेत, तीच राखावीत, असे ठरले. काहींना हे रुचले नाही, कारण रोपे लावतानाचे छायाचित्र कार्यक्रमात शोभून दिसते.

१५ मार्च

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी आणला. तासाला १,३०० रुपयांप्रमाणे तीन तास चालवून बंद केला. यंत्राचे बकेट चरापेक्षा रुंद असल्याने दोन्ही काठ ढासळले, काठावरची जुनी बोरीची झुडपे मुळासकट निघाली, आणि चाकांनी दाबलेल्या दोन पट्ट्या थेट उताराच्या दिशेने पडल्या. उताराला समांतर पडलेली अशी चाकोरी पावसात ओघळ होते. त्या चाकोऱ्यांवर आडवे दगड रचण्यात एक सकाळ गेली. खर्च ३,९०० रुपये आणि मिळकत सत्तर मीटर, तीही खराब. माळावरचे चर हातानेच उपसावेत.

२३ मार्च ते ३० मार्च

सुमारे ४०० मीटर ओळ नव्याने आखणे भाग होते, कारण जुनी ओळ गुरांच्या वाटेने तुटली होती. समान पातळी शोधायची ए-फ्रेम गावातल्या सुताराकडून बनवून घेतली: दोन पाय, मधली आडवी पट्टी आणि वरच्या टोकाला बांधलेला ओळंबा. पहिल्या दिवशी दोन खुंट्यांवर फ्रेम उभी करून दोरी पट्टीवर जिथे आली तिथे खूण केली, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण केली, आणि दोन्हींच्या मधोमध पातळीची खूण धरली. इथपर्यंत बरोबर होते.

गुढीपाडव्याच्या सकाळी १४० मीटर चर तयार झाला म्हणून त्यात टँकरमधले पाणी सोडून पाहिले. चर समपातळीत असता तर पाणी पसरून उभे राहिले असते. ते संथपणे पूर्वेच्या टोकाकडे सरकत गेले आणि तिथे काठावरून सांडले. उभे राहून पाहणाऱ्या वीस-बावीस जणांपैकी कोणीही काही बोलले नाही. कारण शोधता फ्रेमचा वरचा बोल्ट सैल झालेला दिसला. पाय दोन बोटे फाकले होते आणि खूण जुनीच राहिली होती. शिवाय दुपारच्या वाऱ्यात ओळंबा हलत असताना अंदाजाने मध्य धरला गेला होता.

यानंतर रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी फ्रेमची खूण नव्याने तपासायची, ओळंब्याला सुपारीएवढ्या खड्याऐवजी मुठीएवढा दगड बांधायचा, आणि दर वीस मीटरवर पारदर्शक नळीत पाणी भरून पडताळा घ्यायचा, असे केले. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तीही चुकीची पातळी दाखवते, म्हणून नळी भरल्यावर तिची दोन्ही टोके शेजारी-शेजारी धरून पाणी एकाच उंचीवर येते का, हे आधी पाहावे. चुकलेला चर बुजवला नाही. त्यात दर पाच मीटरवर मातीचे आडवे बांध घालून त्याचे तुकडे केले, त्यामुळे पाणी एका टोकाला धावणे थांबले.

१३ एप्रिल

ऊन वाढल्याने श्रमदानाची वेळ पहाटे साडेपाच ते नऊ केली. माणशी चार मीटर होतील असा माझा अंदाज होता, प्रत्यक्षात तीनच्याही खाली भरत आहेत, कारण गाळाखाली कडक मुरूम लागतो. वेळेत संपावे म्हणून ६२० मीटरचे काम मीटरला ६० रुपये दराने गावातल्याच मजुरांना दिले. उपसलेली माती चराच्या अगदी काठावर टाकण्याची सवय मोडायला दोन आठवडे लागले. ती उताराच्या खालच्या बाजूला, काठापासून एक फूट जागा सोडून टाकायची असते, नाहीतर पहिल्याच सरीत परत चरात येते.

आज २७ क्रमांकाच्या ओळीवर एक मुलगी एकदम ओरडली, "थांबा, फावडं मारू नका!" तिच्या पायापासून वीतभर अंतरावर, उघड्या मुरमावर, माळटिटवीची चार अंडी होती. मुरमाच्याच रंगाची, त्यावर तपकिरी-काळे ठिपके, निमुळती टोके आतल्या बाजूला वळलेली. घरटे म्हणावे असे काहीच नव्हते, खड्यांचा एक उथळ खळगा होता. पक्षीण समोर पंधरा पावलांवर धावत होती. ती ओळ तिथून तीस मीटर सोडून दिली आणि चारही बाजूंना लांबवर फक्कीची खूण केली. ज्यांना आपण काय राखतो असा प्रश्न पडतो, त्यांनी एप्रिलमध्ये माळावर वाकून पाहावे.

११ मे

या नोंदीतली चूक सर्वांत महाग पडली आणि तिच्यावर माझी सही आहे.

कार्यक्रम नाल्याचे पाणी अडवायला २००१ साली बांधलेल्या माती नाला बांधाजवळच्या सपाटीवर घ्यायचा होता. पाहुण्यांच्या गाड्या तिथपर्यंत जाव्यात म्हणून ट्रॅक्टरच्या तीन खेपा मुरूम टाकून रस्ता केला. तो रस्ता बांधाच्या चौदा फूट रुंदीच्या सांडव्यातून, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेतून, जात होता आणि त्यामुळे सांडव्याचा तळ दीड-दोन फुटांनी वर आला. एका तात्यांनी विचारले होते की पाऊस आला तर काय. कार्यक्रम ५ जूनला आहे, मुंबईतच मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो, आपण ६ तारखेला मुरूम काढून घेऊ, असे मी उत्तर दिले. वळवाचा पाऊस मी हिशेबात धरला नाही. बांधाच्या माथ्यावर गुरांच्या वाटेने पडलेली खोलगट जागाही आम्ही त्याच दिवशी पाहिली होती आणि "नंतर पाहू" म्हणून सोडली होती.

२१ मे

रात्रभर पाऊस झाला. सकाळी चर भरलेले होते. पाणी एका ओळीत आरशासारखे उभे होते आणि खालची ओळ कोरडी नव्हती, पण तिच्यात गढूळ लोटही नव्हता. चरांकाठी टाकलेला मातीचा भराव चार ठिकाणी खचला, तो दुपारी चोपून घेतला. या दिवशी सगळे आनंदात होते. सांडव्याकडे कोणीही गेले नाही.

२७ मे

यंदा मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. आमच्याकडे २६ च्या रात्री जो पाऊस पडला, तसा मे महिन्यात पडलेला गावातल्या वृद्धांनाही आठवत नाही. पहाटे चारच्या सुमारास बांध फुटला.

उजाडल्यावर पाहिले तेव्हा अकरा फूट रुंदीचे खिंडार पडले होते. त्याच्या दोन्ही कडा उभ्या कापल्यासारख्या होत्या आणि त्यांत २००१ साली घातलेले मातीचे थर एकावर एक स्पष्ट दिसत होते. घटना कशी घडली असावी हे जागेवरून कळत होते. सांडवा मुरमाने अडल्यामुळे पाणी चढत गेले, माथ्यावरच्या गुरांच्या वाटेच्या खोलगट जागेतून ते प्रथम ओसंडले, आणि मागची बाजू खालून वर अशी कापत आले. सांडव्यातला आमचा रस्ता शाबूत होता. खालच्या एका शेतकरी बंधूंच्या एकरभर रानात मुरूम आणि दगड पसरले. नशीब एवढेच की कांदा काढून झाला होता. त्यांच्या घरी आम्ही पाच जण गेलो आणि चूक आमची आहे, भरपाई गट देईल, असे सांगितले. त्यांनी आधी चहा दिला. मला तो घोट उतरेना.

२८ मे

ग्रामसभेसमोर ११ मे रोजीची नोंद वाचून दाखवली. मंडप, पाहुणे, स्मरणिका, सन्मानचिन्हे सर्व रद्द झाले आणि जमलेली वर्गणी बांधावर खर्च करण्याचा ठराव झाला. मंडपवाल्यांनी १५,००० पैकी ८,००० परत केले. त्यांचे सामान अडकून पडले होते, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

३० मे ते ३ जून

पाऊस उघडताच घाईने ट्रॅक्टरने माती ओतायला सुरुवात केली. माती इतकी ओली होती की धुमसाने ठोकल्यावर दबण्याऐवजी बाजूला सरकत होती आणि दुसऱ्या दिवशी तिला भेगा पडल्या. दोन दिवसांचे काम उकरून काढले. तोवर पुन्हा पाऊस आला असता तर खिंडार रुंदावले असते, म्हणून सिमेंटच्या चारशे रिकाम्या गोण्यांत मुरूम भरून त्याच्या दोन्ही कडांना आधार दिला. गोण्या उन्हाने विरतात, त्यामुळे हा उपाय एका हंगामापुरताच आहे. सांडव्यातला मुरूम याच दिवसांत जेसीबीने काढला. जो टाकायला ४,५०० रुपये लागले होते, तो काढायला ५,२०० लागले.

५ जून

सकाळी सात वाजता गावातले सुमारे तीनशे लोक बांधावर जमले. व्यासपीठ नव्हते. २००० सालची नोंदवही वाचली, पहिल्या श्रमदानाला आलेल्या ४१ जणांची नावे घेतली, आणि त्यांपैकी हयात असलेल्यांनी खिंडाराच्या पायात पहिली घमेली टाकली. फेब्रुवारीत प्रश्न विचारणाऱ्या मावशींनी घमेले टाकले आणि तिथेच बसून तळहाताने माती दाबत राहिल्या. त्यांना उठवायला कोणी गेले नाही. दुपारी पिठले-भाकरी, ठेचा आणि कांदा. खर्च ९,३०० रुपये.

६ ते १४ जून

पावसाने मध्येच ओढ दिल्याने हे दिवस मिळाले. या वेळी रीतसर केले. खिंडाराच्या तळातली सैल माती काढून खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत पाया खोदला. जुन्या बांधाच्या उभ्या कडा पायऱ्यांसारख्या कापल्या, कारण गुळगुळीत उभ्या कडेला नवी माती धरत नाही आणि सांध्यातून पाणी वाट काढते. मधोमध काळ्या मातीचा गाभा आणि दोन्ही बाजूंना मुरूम, असे अर्ध्या फुटाचे थर घातले. प्रत्येक थर आधी ट्रॅक्टरने आणि सांध्याजवळ धुमसाने चोपला. माती योग्य आहे की नाही याची परीक्षा मुठीने केली: दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पण तळहाताला चिकटता कामा नये. काळी माती १४ खेपा लागली. माथा पूर्वीपेक्षा दीड फूट उंच घेतला, कारण नवा भराव पहिल्या वर्षी बसतो. पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, केले आणि गुरांची वाट बांधाच्या टोकापलीकडून वळवली.

२२ जून

पूर्ण हिशेब फळ्यावर लावला. वर्गणी १,७४,५०० रुपये जमली, खर्च १,४३,६०० झाला, शिल्लक ३०,९०० आहे. मजुरीचे चर ३७,२०० रुपयांत झाले, हत्यारे, चुना, टेप आणि भरावावर पेरलेले गवताचे बी यांना ७,६०० लागले. मार्चमधल्या जेसीबीचे ३,९०० आणि मंडपाचे ७,००० वाया गेले. सांडव्यातल्या तीन खेपांनी मात्र गटाला ७८,६०० रुपयांचा भुर्दंड पडला: मुरूम टाकणे आणि काढणे ९,७००, काळी माती १६,८००, खोदाई आणि भरणीचा जेसीबी ११,७००, ट्रॅक्टरने दाबणे ६,०००, गोण्या २,०००, पिचिंगची मजुरी १४,४००, आणि खालच्या शेताची भरपाई १८,०००. चरांच्या मजुरीच्या दुपटीहून ही रक्कम अधिक आहे. वेळेचे बोलायचे तर १,९०० मीटरपैकी १,७६० मीटर पूर्ण झाले, उरलेले माळटिटवीच्या जागेसह दिवाळीनंतर घेऊ.

शिल्लक रक्कम वेगळ्या खात्यात देखभालीसाठी ठेवली असून प्रत्येक विळ्यामागे वर्षाला शंभर रुपये त्यात टाकण्याचे ग्रामसभेने मान्य केले. पंचवीस वर्षांत गटाच्या जमाखर्चात दुरुस्ती असे सदरच नव्हते, हे हिशेब लिहिताना लक्षात आले.

६ जुलै, आषाढी एकादशी

बांधात सात फूट पाणी आहे. नवा भराव चार बोटे बसला, सांधा कोरडा आहे. सांडव्यातून काल प्रथमच पाणी गेले, घोट्याइतके, स्वच्छ. सांडव्याच्या दोन्ही काठांच्या खडकांवर पांढऱ्या रंगाने तळाची पातळी आखली आहे आणि तिच्यावर काहीही टाकू नये असे खाली लिहिले आहे. वरच्या २७ क्रमांकाच्या ओळीत स्टायलो हा चारा आणि मारवेल उगवले आहे. पुढची पाहणी पोळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, टेप आणि नळी घेऊन.